कंपनीच्या गाड्या आणि कालबाह्य नियमावली

कोणत्याही कंपनीच्या वा संस्थेच्या कपाटात ज्या फायली क्वचितच उघडल्या जातात, त्यांत वाहनविषयक नियमावलीची फाइल बहुधा असते. कोणत्या श्रेणीच्या अधिकाऱ्यास कोणती गाडी मिळावी, ती किती वर्षांनी बदलावी, इंधनाचा खर्च कोणी सोसावा, लॉगबुकावर कोणी सही करावी, स्वतःच्या वाहनाने कामावर हिंडणाऱ्यास दर किलोमीटरला काय द्यावे, असे प्रश्न तीत एकदा सोडवलेले असतात; आणि एकदा सोडवले म्हणजे ते कायमचे सुटले, अशी व्यवस्थापनाची समजूत झालेली असते. गाडी बिघडली तर ती रस्त्यात उभी राहते, म्हणून तिची दुरुस्ती लगेच होते. नियमावली बिघडली तर कोठेच काही अडत नाही. कामे चालू राहतात, बिले पास होत राहतात, आणि त्या बिघाडाची किंमत कोणाच्या तरी खिशातून, क्वचित कोणाच्या तरी जिवावर, वसूल होत राहते. ती कोणाकडून वसूल होते, हा या लेखाचा विषय आहे.

विषय वरकरणी मूठभर बड्या कंपन्यांच्या प्रशासन विभागापुरता वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बँकांचे व पतसंस्थांचे वसुली कर्मचारी, विमा सर्वेक्षक, दूध संघांचे संकलन पर्यवेक्षक, साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यातील माणसे, वीज व दूरध्वनीच्या जोडण्या दुरुस्त करणारे तंत्रज्ञ हे सर्व वाहनावर बसूनच आपली नोकरी करतात. शाळा-महाविद्यालयांच्या बसगाड्या हाही एक वाहनताफाच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती, आणि एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. यांतील किती जण त्या क्षणी मालकाच्या कामावर होते, याचा तक्ता या अहवालात नसतो. पण ज्या देशात दुचाकी हे मध्यमवर्गीय नोकरीचे साधन झाले आहे, तेथे हा प्रश्न केवळ वाहतुकीचा राहत नाही; तो श्रमाचा आणि मोबदल्याचा प्रश्न होतो.

कायदा बदलला, कागद तसाच राहिला

नियमावली कालबाह्य होण्याचे पहिले कारण म्हणजे तिच्या पायाखालचा कायदाच सरकतो. १९३९ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा १९८८ चा मोटर वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यात २०१९ साली दूरगामी दुरुस्त्या झाल्या. त्यांतील एक लहानशी दुरुस्ती उदाहरणादाखल घेऊ. पूर्वी वाहन चालविण्याच्या परवान्याची मुदत संपल्यानंतरही तो तीस दिवस परिणामकारक मानला जाई. ही सवलत २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकली. ज्या कंपनीच्या नियमावलीत ‘मुदत संपल्यापासून एक महिन्याच्या आत परवान्याचे नूतनीकरण करून प्रत कार्यालयात सादर करावी’ असे वाक्य अद्याप असेल, ती कंपनी आपल्या चालकास महिनाभर विनापरवाना गाडी चालविण्याची जणू लेखी मुभा देत आहे. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासाठी याच दुरुस्तीने दंडाची रक्कम पाच हजार रुपये केली आणि कैदेची तरतूदही कायम ठेवली. दंडापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की, अशा काळात अपघात झाला तर विमा कंपनीला हरकत घेण्यास आयते कारण मिळते.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या माणसाने साडेसात हजार किलोग्रॅमपर्यंतचे मालवाहू वाहन चालवावे की नाही, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत रेंगाळला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याचा निकाल चालकांच्या बाजूने दिला. तेव्हा कायदा नेहमी कडकच होतो असे नाही. कधी तो सैलही होतो. जुन्या नियमावलीमुळे एके ठिकाणी माणूस नकळत गुन्हेगार ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याला मिळू शकणारे काम विनाकारण नाकारले जाते.

करांच्या बाबतीत हेच घडते. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये आला तेव्हापासून चालकासह तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी वाहनांवर भरलेल्या कराची वजावट, ठराविक व्यवसाय वगळता, कंपनीस मिळत नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील कर अठरा टक्क्यांवर आला, मोठ्या मोटारींवर चाळीस टक्के लागू झाला आणि विजेवरील मोटारींचा पाच टक्क्यांवरच राहिला. गाडी विकत घ्यावी की भाडेपट्ट्याने घ्यावी, लहान घ्यावी की मोठी, हे गणित यामुळे मुळापासून बदलते. आठ-दहा वर्षांपूर्वी कोणी तरी केलेल्या हिशेबावर आजही खरेदी होत असेल, तर ती काटकसर नव्हे, सवय आहे.

दोन आकड्यांचे अर्थशास्त्र

नियमावलीतील सर्वांत लवकर शिळी होणारी वस्तू म्हणजे तीत रुपयांत लिहिलेला आकडा. महागाईच्या काळात रुपयांत गोठवलेला आकडा स्थिर राहत नाही. तो दरवर्षी घटत जातो. हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्याचा परिणाम मात्र सर्वांवर सारखा होत नाही, आणि मुद्दा येथेच आहे.

एक आकडा वरच्या मजल्यावरचा पाहू. मालकाने दिलेली मोटार अधिकाऱ्याने कामासाठी व खाजगी वापरासाठीही वापरली, तर तिचे काही मूल्य त्याच्या उत्पन्नात धरले जाते. खर्च मालक करीत असल्यास हे मूल्य २००९ च्या सुधारणेनुसार १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाच्या मोटारीस दरमहा १,८०० रुपये आणि त्याहून मोठीस २,४०० रुपये असे ठरले. चालक दिला असल्यास आणखी ९००. त्यानंतर एका तपाहून अधिक काळ हे आकडे जसेच्या तसे राहिले. या काळात मोटारी, इंधन, चालकाचा पगार सर्वच महागले. परंतु करासाठी धरावयाचे मूल्य तेच राहिल्याने मोटार मिळणाऱ्याचा लाभ वर्षागणिक वाढत गेला.

आता दुसरा आकडा, फाटकाबाहेरचा. स्वतःच्या मोटारसायकलवर कंपनीचे काम करणाऱ्या प्रतिनिधीस दर किलोमीटरला काही रक्कम मिळते. समजा, पेट्रोल पासष्ट रुपये लिटर असताना हा दर तीन रुपये ठरला. गाडी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाते असे धरल्यास त्या वेळी किलोमीटरमागे इंधनाला सुमारे १ रुपया ४४ पैसे लागत आणि उरलेल्या १ रुपया ५६ पैशांत टायर, ऑइल, दुरुस्ती, विमा आणि गाडीची झीज भागवायची असे. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. १०५ रुपयांच्या भावाने तोच इंधनखर्च २ रुपये ३३ पैसे होतो आणि बाकी सर्व गोष्टींसाठी ६७ पैसे उरतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर हिंडणाऱ्या माणसाच्या हातून केवळ इंधनापोटी दरमहा १,३३३ रुपये, म्हणजे वर्षाला सोळा हजार रुपये जास्त जातात. हा आकडा मी समजुतीसाठी कल्पिला आहे. वाचकांनी आपापल्या कचेरीचा दर व आपल्या गाडीचे मायलेज घालून तो स्वतः मांडून पाहावा.

ही रक्कम पगारकपात म्हणून कोणी जाहीर केली असती तर संघटनेने मोर्चा काढला असता. नियमावली न बदलल्यामुळे ती कपात झाली, म्हणून तिचे कोणाला काहीच वाटले नाही. दोन्ही आकडे सारखेच जुने आहेत. वरच्या आकड्याचे शिळेपण वाहन मिळणाऱ्याच्या फायद्याचे आहे, खालच्या आकड्याचे शिळेपण वाहन पुरविणाऱ्याच्या तोट्याचे. काही न करणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचाही लाभार्थी असतो. नियमावली अद्ययावत ठेवणे ही कारकुनी बाब नसून वाटपाची बाब आहे, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

अपघात झाल्यावर

प्रश्न केवळ पैशांचा असता तरी तो पुरेसा महत्त्वाचा होता. परंतु वाहन ही अशी वस्तू आहे की तिच्याबाबतीत कागदावरील चूक कधी ना कधी रस्त्यावर येते.

१८ डिसेंबर १९६० रोजी नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली, रणजित जिनिंग अँड प्रेसिंग या कंपनीची मोटार वाटेत झाडावर आदळली आणि तीत बसलेला एक प्रवासी मरण पावला. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवीत होता. त्याच्या हातून घडलेल्या अपघातास कंपनी जबाबदार की नाही, यावर खालपासून वरपर्यंत न्यायालये झिजली. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरवला. व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठीच गाडी नेत होता, सबब नुकसानभरपाईची जबाबदारी कंपनीवर येते, असे त्या न्यायालयाने ठरविले. विमा कंपनीची जबाबदारी मात्र पॉलिसीत प्रवाशासाठी लिहिलेल्या पंधरा हजार रुपयांच्या मर्यादेपुरतीच ठरली. मालकाची जबाबदारी व्यापक आणि विम्याचे कवच तोकडे, ही विसंगती अपघात होईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि ती निस्तरीपर्यंत एका कुटुंबाची सोळाहून अधिक वर्षे गेलेली असतात.

आज विम्याचे नियम पुष्कळ बदलले आहेत. विसंगती मात्र नव्या रूपांत शिल्लक आहेत. वैयक्तिक मालकीच्या वाहनाच्या मालक-चालकासाठी पंधरा लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात विम्याची सोय २०१८ पासून झाली. परंतु वाहन कंपनीच्या नावावर असेल तर हे ‘मालक-चालका’चे कवच लागूच होत नाही, कारण कंपनी ही काही गाडी चालविणारी व्यक्ती नव्हे. तेव्हा कंपनीच्या गाडीवरील चालकासाठी वेगळे कवच कंपनीनेच घ्यावयास हवे. ते घेतले आहे काय, किती रकमेचे, आणि चालकाच्या घरच्यांना ते माहीत आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक नियमावलीला विचारून पाहावेत.

स्वतःच्या दुचाकीवर कंपनीचे काम करणाऱ्याची स्थिती याहून नाजूक आहे. खाजगी वाहनाच्या प्रचलित पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने वापर आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून अन्य मालाची वाहतूक त्यांतून वगळलेली असते. औषधांचे दोन नमुने पिशवीत घालून फिरणारा प्रतिनिधी या मर्यादेच्या आत असतो. पाठीवर खोके बांधून माल पोहोचविणारा बाहेर जातो. माझ्या वर्गातील काही मुले सायंकाळी असेच पोहोचविण्याचे काम करून शिक्षणाचा खर्च भागवितात. आपल्या विम्यात काय लिहिले आहे असे त्यांना विचारले, तर पॉलिसी गाडी घेताना दुकानदाराने काढून दिली, एवढेच उत्तर मिळते. ज्या व्यवसायाचे सर्व उत्पन्न वाहनावर अवलंबून आहे त्या व्यवसायाच्या नावावर एकही वाहन नसावे आणि म्हणून त्याला वाहनविषयक धोरणच नसावे, ही आपल्या काळातील सर्वांत सोयीस्कर पळवाट आहे.

अतिवेगाच्या संदर्भात कायद्यातील एका तरतुदीकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावेसे वाटते. मोटर वाहन कायद्याचे कलम १८३ वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाप्रमाणेच, आपल्या नोकरास तसे करावयास लावणाऱ्या मालकासही दोषी धरते. इतकेच नव्हे, तर अमुक अंतर अमुक वेळात कापावे असे वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केले वा तसा हुकूम दिला आणि वेगमर्यादा पाळून तो प्रवास तेवढ्या वेळात करणे शक्य नव्हते असे न्यायालयाचे मत झाले, तर ते वेळापत्रक वा तो हुकूम हाच गुन्ह्याचा सकृद्दर्शनी पुरावा ठरतो. ‘दंडाची रक्कम चालकाच्या पगारातून कापली जाईल’ असे वाक्य कित्येक नियमावल्यांत सापडेल. ‘ज्याने अशक्य वेळ ठरविली त्याचे काय?’ हा प्रश्न क्वचितच सापडेल. नाक्यानाक्यावरील कॅमेरे आता ई-चलान थेट मालकाच्या नावे पाठवितात. अशा वेळी दंड कोणी भरावा हे ठरविताना त्या फेरीचे वेळापत्रक कोणी आखले होते, हे आधी पाहणे न्यायाचे होईल.

चालकाच्या कामाच्या तासांविषयीही हेच म्हणता येईल. परिवहन व्यवसायातील कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. तो कायदा आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. साहेबांच्या मोटारीवरील चालकाचे तास मात्र बहुधा साहेबांच्या दिनक्रमावर ठरतात. पहाटे विमानतळ, दिवसभर बैठका आणि रात्री लग्नाचा स्वागत समारंभ, या सर्वांत तो हजर असतो. गाडी उभी असताना तो विश्रांती घेत होता असे मानले जाते. पण बोलावणे केव्हा येईल हे ठाऊक नसलेल्या माणसाची विश्रांती ही विश्रांती नव्हे.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, हे तपासात पुढे आले. मागे बसणाऱ्यांनाही पट्ट्याची सक्ती असल्याचा नियम त्या आधीपासूनच होता. समाजाला मात्र त्याची आठवण त्या दुर्दैवी घटनेनंतर झाली. मागे बसलेल्या वरिष्ठास ‘साहेब, पट्टा लावा, त्याशिवाय गाडी सुरू करता येत नाही’ असे सांगण्याची हिंमत चालकाला व्हायची असेल, तर त्याच्यामागे एक लेखी नियम उभा हवा. दुबळ्याच्या तोंडी योग्य शब्द घालणे, हेही नियमावलीचे एक काम आहे.

यंत्र बदलले, प्रश्नही बदलले

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा ही मानके लागू झाली. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, नगरपालिका आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी, संरक्षण व कायदा-सुव्यवस्थेसाठीची काही विशेष वाहने सोडता, संपुष्टात येऊ लागली. महाराष्ट्र शासनाने विजेवरील वाहनांसाठी २०२१ मध्ये एक धोरण आणले आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी दुसरे. शासनासारखी अवजड यंत्रणा चार वर्षांत आपले धोरण फिरवून लिहिते, तेथे खाजगी कंपनीने दहा वर्षे जुन्या परिपत्रकावर विसंबून राहावे, याला काही समर्थन नाही.

विजेच्या गाडीने तर जुन्या नियमावलीची भाषाच मोडीत काढली आहे. ‘पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते’ हा गाडी बदलण्याचा ठोकताळा पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाच्या झिजेवरून आलेला आहे. विजेच्या गाडीत खर्चाचा मोठा भाग बॅटरीत असतो आणि अनेक उत्पादक तिला आठ वर्षांची हमी देतात. चालविण्याचा खर्च कमी, खरेदीचा जास्त. मग अशी गाडी पाचव्या वर्षी विकून टाकणे म्हणजे बी-बियाणे, खते घालून पीक कापणीपूर्वी सोडून देण्यासारखे आहे. शिवाय कर्मचाऱ्याने रात्री घरी गाडी चार्ज केली तर त्याच्या वीजबिलातील वाढ कोणी भरावी? पंपावरची पावती जोडण्याची सवय असलेल्या लेखा विभागाला या प्रश्नाचे उत्तर सुचत नाही, आणि उत्तर सुचेपर्यंत बिल कर्मचारीच भरतो.

गाडीत बसविलेल्या जीपीएस यंत्राचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इंधनाची चोरी व गैरवापर टाळण्यास ते उपयोगी आहे यात संशय नाही. पण सुटीच्या दिवशी कर्मचारी गाडी घेऊन दवाखान्यात गेला की नातेवाइकाकडे, हे जाणण्याचा अधिकार कंपनीला आहे काय? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदी कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि कशासाठी वापरणार, हे लेखी ठरविण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

आक्षेपांचा विचार

यावर व्यवस्थापनाकडून तीन आक्षेप येतात. पहिला असा की, नियम सारखे बदलले तर स्थैर्य राहत नाही. हे अंशतः खरे आहे. पण उपाय सोपा आहे. तत्त्वे मूळ नियमावलीत असावीत आणि रकमा, दर व मुदती परिशिष्टात. तत्त्वे पाच वर्षे टिकतील, परिशिष्ट दरवर्षी बदलेल. दर किलोमीटरचा भत्ता रुपयांत लिहिण्याऐवजी पेट्रोलच्या भावाशी बांधून दिला तर दरवर्षीच्या वाटाघाटीही टळतील. महागाई भत्त्याचे तत्त्व आपण दीर्घकाळ मान्य करीत आलो आहोत. तेच येथे लागू करावयाचे आहे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. कर्मचारी खोटे किलोमीटर लिहितात, गाड्या घरगुती कामाला नेतात, असे सांगितले जाते. असे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दर अपुरा ठेवला की किलोमीटर फुगविण्याची प्रवृत्ती वाढते, हेही तितकेच खरे. ज्या प्रामाणिक माणसाचा खर्च भागत नाही तो पदरमोड करतो आणि अप्रामाणिक माणूस लॉगबुकात भागवून घेतो. म्हणजे अपुरा दर प्रामाणिकपणालाच दंड करतो. दर रास्त आणि तपासणी कडक, हे दोन्ही एकत्र हवेत.

तिसरा आक्षेप लहान संस्थांचा. आमच्याकडे दोन टेम्पो आणि एक मोटार. आम्ही कसली नियमावली करणार? त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, मोठ्या कंपनीला एखाद्या अपघाताची नुकसानभरपाई पेलते, लहान संस्थेला ती बुडवू शकते. दोन पानांची का होईना, पण चालू वर्षाची नियमावली त्यांनाच अधिक आवश्यक आहे.

करावयाचे ते काय

या बाबतीत काही अवघड सुधारणा सुचवावयाची नाही. प्रत्येक नियमावलीच्या पहिल्या पानावर ती केव्हा तपासली आणि पुन्हा केव्हा तपासावयाची, याच्या दोन तारखा असाव्यात. दुसरी तारीख उलटून गेली तर तिच्यातील रकमा आपोआप फेरविचारास खुल्या व्हाव्यात. अर्थसंकल्पानंतरचा एप्रिल महिना या कामास सोयीचा आहे. तपासणी करणाऱ्या समितीत प्रशासन व लेखा अधिकाऱ्यांबरोबर एक चालक, दुचाकीवर हिंडणारा एक कर्मचारी आणि लॉगबुक सांभाळणारा कारकून असावा, कारण नियम कोठे अडतो हे या तिघांना वरिष्ठांहून आधी कळते. राज्यातील स्कूलबससंबंधीच्या २०११ च्या नियमांनी शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली, पालकांना सामावून घेणारी परिवहन समिती कल्पिली आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी जे तत्त्व आपण मान्य केले, ते नोकरदारांच्या बाबतीत अमान्य करण्याचे कारण नाही.

नियमावली चालकाला कळणाऱ्या भाषेत असावी, हीदेखील मोठी मागणी नाही. महाराष्ट्रात गाडी चालविणाऱ्या माणसाकडून इंग्रजी मजकुरावर ‘वाचले व समजले’ अशी सही घेणे हा उपचार झाला, संमती नव्हे. आणि नोकराच्या वाहनावर चालणाऱ्या सर्व कामाला, मग त्याला कंपनी कर्मचारी म्हणो की भागीदार, नियमावलीत जागा असावी. वाहन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न दुय्यम मानून, वाहन कोणाच्या कामासाठी धावत आहे, हीच कसोटी लावली पाहिजे.

शिक्षक, कारकून व विद्यार्थी या वाचकवर्गाला यात काय करता येईल, असा प्रश्न कोणी विचारील. कारकुनाच्या हाती फाइल असते. तीतील शेवटच्या दुरुस्तीची तारीख टिपणीत नमूद करणे त्याच्या अधिकारात आहे. शिक्षकांना शाळेच्या बसविषयी विचारता येते. आणि सायंकाळी दुचाकीवर निघणाऱ्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी आपली विमा पॉलिसी एकदा शेवटपर्यंत वाचावी, आणि जे कळले नाही ते ज्याच्यासाठी तो धावतो त्याला लेखी विचारावे. उत्तर आले तर नियम तयार होईल. न आले तर, निदान, नियम नाही हे कागदावर येईल.